बाबांनी रंगवलेला समुद्र

प्रिय चिमणे,

तू दोन लेकरांची आई झालीस, तरी लेखणीतून हेच नाव उतरतं, त्याला मी काय करू? घरी सगळं ठीक. बाबा जेवतात, कुरकुरतात, चहा पांचट झाला म्हणून माझ्या नावानं खडे फोडतात. डोळे मात्र पार गेलेत. फोनवर तुला ‘जरा अंधुक दिसतं’ म्हणतात, त्यावर जाऊ नकोस. उजेड कळतो, समोर माणूस आल्याचं कळतं, बस्स.

दुकानातून आता जहाजांची चित्रं रंगवायला येत नाहीत. अडीचशे वर्षांपूर्वीच्या सफरींची, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली ती काळी चित्रं. त्यांत रंग भरण्यात बाबांचा जन्म गेला. तळ्यातल्या होडीतही ज्याला मळमळायचं त्या माणसानं महासागर रंगवले, म्हणून आपण दोघी किती हसायचो! दुकानाच्या शेवटच्या चित्रात खलाशांचे चेहरे निळे झाले. दुकानदार तसा भला, पण बोलून गेला. बाबा दोन दिवस जेवले नाहीत. मला त्या दुकानदाराचा अजून राग येतो.

मग एका सकाळी म्हणाले, एक शेवटचं चित्र चिमणीसाठी करतो. कपाटात जपून ठेवलेलं, बेटाजवळ नांगर टाकलेलं जहाज मला काढायला लावलं. नाही म्हणायला माझी जीभ रेटेना. पण तेही बिघडलं नि पुन्हा कुणी बोलून गेलं असतं, तर त्यांनी हाय खाल्ली असती. म्हणून रंगाच्या वाट्यांत मी साधं पाणी भरलं. डाव्या हाताच्या बोटानं किनाऱ्याची रेघ चाचपत ते रोज खिडकीशी रंगवत बसायचे. जमतंय का, असं विचारायचे. मी छान म्हणायचे आणि स्वयंपाकघरात नळ सोडून रडायचे. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना कधी फसवलं नव्हतं गं.

आज म्हणाले, झालं पूर्ण. परवा पार्सल निघेल. तुला त्यात रंगाचा ठिपकाही दिसणार नाही, म्हणून हे पत्र आधी धाडते आहे. चित्र पोचलं की ते फोन करतील, परीक्षा घेतल्यासारखं विचारतील, समुद्र कसा झालाय. आधी पोटभर रडून घे, मग फोन उचल. सांग, किनाऱ्याशी फिका निळा आहे, खोल पाण्याकडे गडद होत गेलाय. कुंचला एकदोनदा शिडावर चढला होता, तेवढं बोलू नकोस. बाकी खोटं बोलतेय असं मनात आणू नकोस. त्यांचा हात अगदी तसाच फिरलाय, मी शेजारी बसून पाहिलंय.

तुझीच,
आई