पायाखालचा स्टार्टर

आबा, तुमच्या हाताबद्दल मला आईनं सांगितलं. तुम्ही स्वतः कधी बोलला नसता, हे तिला ठाऊक होतं. सुनेच्या बाळंतपणासाठी ती साताऱ्याला आली होती. मी गॅरेजातून येऊन चुलीजवळ जेवायला बसलो की रोज सांगलीचं काहीबाही सांगायची. त्या दिवशी मात्र भाकरी थापता थापता तिनं आवाज खाली आणला. "त्यांच्यानं आता हँडल फिरत न्हाई रं. मालकांस्नी कळलं तर गाडी दुसऱ्याच्या हातात जाईल. तुझं तर कामच हाय त्ये. तूच बघ." इंजिन सुरू करायला गाडीच्या नाकात घालून फिरवायच्या त्या हँडलनं एकदा उलटा झटका देऊन तुमचं मनगट मोडलं होतं, हाडवैद्यानं बसवलं तरी ते जरा वाकडंच राहिलं, एवढं मला माहीत होतं. त्यात आता बळच उरलं नाही, हे माहीत नव्हतं.

सत्तर सालानंतरची ती वर्षं. तुम्ही ज्यांची गाडी चालवायचात ते मालक हळदीचे व्यापारी, जैन, बोलायला मऊ माणूस. गाडी त्यांच्या वडिलांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आधी घेतलेली, लांब नाकाची, विलायती. बॅटरी सहा व्होल्टची, आणि तिच्यावर इंजिन फिरवणारा स्टार्टर इतका थकलेला की थंडीच्या सकाळी दोनदा कण्हायचा आणि गप्प व्हायचा. मग हँडल मारण्यावाचून इलाज नसे. मी सांगलीला आलो तेव्हा गाडी वखारीच्या दगडी उतारावर उभी होती. पोती चढवायला केलेला तो उतार; त्या सपाट गावात गाडी घरंगळवायला तेवढीच जागा. मालकांना तुम्ही सांगितलं होतं की तिथं सावली असते. सकाळी तुम्ही ब्रेक सोडायचात, गाडी खाली यायची आणि गिअर टाकला की सुरू व्हायची. नाही झाली तर हमाल धावायचे. त्यांच्यातला एक तुमच्याच वयाचा. ढकलता ढकलता तो म्हणाला, "ड्रायवर, रोज आमीच ढकलतुय. एक दिस आमास्नी आत बसवा की, तुमी ढकला." सगळे हसले. तुम्हीही हसलात आणि उजवा हात कोटाच्या खिशात घातलात.

स्टार्टरचं वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारांचे वेढे, पुन्हा भरून घेता आलं असतं, पण सहा व्होल्टचा जोर तो केवढा. मी ठरवलं, गाडीच बारा व्होल्टवर न्यायची. साताऱ्यात मोडीत निघालेल्या एका जीपचा स्टार्टर मिळाला. त्याचं नाक लांब पडत होतं, म्हणून मध्ये बसवायला लेथवाल्याकडून लोखंडी कडं कातून आणलं. इंजिनच्या मोठ्या चाकाशी दाते जुळेनात, म्हणून पुढचं दातेरी चाक बदललं. जोडून बघितला तर उलटा फिरला. पुन्हा खोलून आतल्या तारांची जोडणी फिरवली. बॅटरी, डायनॅमो, बल्ब, हॉर्न, सगळं बदललं. तुम्ही शेजारी पाट घेऊन बसायचात आणि पाना मागितला की डाव्या हातानं द्यायचात. इतका वेळ तुमच्याजवळ मी त्याआधी कधी बसलो नव्हतो, त्यानंतरही नाही.

तिथंच थांबलो असतो तर बरं होतं. त्या गाडीचा स्टार्टर पायानं दाबायचा होता. फळीतून वर आलेली लोखंडी खुंटी; टाच तिच्यावर, चवडा ॲक्सिलरेटरवर, डावा पाय क्लचवर, आणि हातानं चोक किती ओढायचा ते तुमचं तुम्हालाच ठाऊक. पुण्याहून कॉलेज शिकून आलेले धाकटे मालक एकदोनदा बसून बघायला गेले, तर इंजिनात नुसतं पेट्रोल भरलं आणि गाडी दुपारपर्यंत हलली नाही. मला वाटलं, खुंटी फार कडक आहे, आबांचं वय झालं. मी खुंटीचं काम विजेनं करणारा रिले लावून डॅशबोर्डवर एक बटण बसवलं, आणि कार्बोरेटर असा लावून दिला की चोकची फारशी गरज पडू नये. तार वर ओढत होतो तेव्हा तुम्ही म्हणालात, "पायातलं पायातच ऱ्हाऊ दे." मी म्हणालो, "आवं आबा, नुसतं बोट लावायचं. तुमचा तरास वाचंल." तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग डाव्या हातानं स्क्रू पुढं केलात. म्हाताऱ्या माणसाला सवय सुटत नाही, असं मी मनात म्हणालो आणि स्क्रू आवळला.

दसऱ्याची सकाळ. गाडीला झेंडूची माळ आहे, मालकीणबाई ताट घेऊन उभ्या आहेत. मी मनात मारुतीचं नाव घेतो. तुम्ही बसता, बटणाला बोट लावता, आणि इंजिन एका दमात धरतं. न कण्हता, न अडखळता. मालक खूश होतात. धाकटे मालक म्हणतात, मला बघू द्या. तुम्ही उतरता, ते बसतात, आणि त्यांच्याही बोटाखाली गाडी तशीच एका दमात सुरू होते. "आता हे घरातलं कोणबी सुरू करंल की," मालक हसून म्हणाले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. तुम्ही मागच्या दाराची मूठ धरून उभे होतात. मला म्हणालात, "लय झ्याक काम केलंस."

दिवाळीनंतर धाकटे मालक स्वतःच गाडी चालवू लागले. तुम्हाला कुणी काढलं नाही. वखारीच्या दारात खुर्ची दिली आणि आल्यागेल्या पोत्यांवर लक्ष ठेवा म्हणाले. मी मारुतीला बोललो होतो की आबांची नोकरी राहू दे. दसऱ्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी तेल-नारळ वाहून नवस फेडूनही आलो होतो. नोकरी राहिली. देवाला बोल लावायला जागा नाही. मागताना नोकरी आणि गाडी मला एकच वाटली होती. पुढं मी सांगलीला आलो की तुमच्याजवळ पोत्यावर घटकाभर बसायचो. गाडी बाहेर निघाली की खुर्चीत बसल्या बसल्या तुमची उजवी टाच जमिनीवर दाबली जायची. तुम्हाला ते कळत नसावं. मी हळदीचा भाव विचारायचो.

तुम्ही गेलात त्यालाही आता बरीच वर्षं झाली, आणि मी पन्नाशीला टेकलो. पायातलं पायातच राहू दे म्हणालात, त्या दिवशी तुम्हाला पुढचं दिसलं होतं का, हे विचारायचं राहिलं. दिसलं असेल, तर सांगायचं कसं? माझी भाकरी त्या खुंटीत आहे, ती माझ्याशिवाय कुणाला जमत नाही म्हणून मी आहे, असं मुलासमोर म्हणावं लागलं असतं. ते तुमच्यानं झालं नसतं. आणि मुलगा इतक्या उत्साहानं काम करत होता, की त्याचा हात धरणंही झालं नसावं. हल्ली माझ्याकडं हौसेनं जुन्या गाड्या बाळगणारे लोक येतात. स्टार्टर बदला, बटण बसवून द्या म्हणतात. मी आधी विचारतो, गाडी चालवतं कोण? त्यांना हा प्रश्न विचित्र वाटतो.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवतो. इतकं होऊनही ती दसऱ्याची सकाळ आठवली, की मला आधी त्या इंजिनाचा एका दमात धरल्याचा आवाज ऐकू येतो आणि बरं वाटतं, आबा. दाराची मूठ धरून उभे राहिलेले तुम्ही मला त्याच्यानंतर दिसता.