आबांच्या गिरणीतून

इतवारी, नागपूर
१२ जानेवारी १९७४

प्रिय पुष्पलता,

रामटेकहून तू पाठवलेला चिन्नोर तांदूळ पोचला. पोतं उघडलं अन् वास थेट रस्त्यावर गेला. दळायला आलेल्या बाया विचारत होत्या, कोणाकडे लग्न आहे वं?

इकडे थंडी मरणाची आहे. इंजिन सकाळी रुसून बसते, हँडल मारता मारता खांदे भरून येतात. एकदा सुरू झालं की मागच्या घरातली मांडणीवरची भांडी थरथरतात, मग मला बरं वाटते. परवा चंपतराव काकाजी येऊन गेले. तेच रामायण: तुझा भाऊ गेला, तुझे आबा गेले, लेकरूबाळ नाही, एकट्या बाईले गिरणी अन् घर काहून पाहिजे, इकून टाकू. मी चहा दिला अन् म्हटलं, पुष्पलताले विचारा. तुझं नाव काढलं की ते अर्धा चहा तसाच ठेवून उठतात.

दिवाळीतलं ते जेवण मी विसरत नाही. सकाळीच चक्कीच्या गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावून खाचा पाडल्या होत्या. टाकीनंतर दगडाची कच पिठात उतरते, म्हणून पहिलं दळण आपल्या घरच्या ज्वारीचं, गिऱ्हाइकाचं नाही, ही आबांच्या वडिलांपासूनची रीत. पंगतीला पाहुणे आहेत हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. काकाजींच्या दाताखाली कच आली अन् त्यांनी ताट सरकवलं. हिले पीठ दळता येत नाही, गिरणी काय चालवते, म्हणाले. मी मान खाली घालून भाकरी थापत राहिले. तू मात्र तसाच कच लागलेला घास चावत बसलीस. डोळे भरून म्हणालीस, आबाची रीत चालूच आहे वं वहिनी, अजून अर्धी वाढ. मग त्यांच्याकडे वळून, गिरणी इकायची नाही, वहिनीच चालवीन. तुझा वाटा होता, विकला असतास तर कोणी नावं ठेवली नसती. त्या दिवसापासून मी या घरात जीव मुठीत धरून राहत नाही. तुझे उपकार मानते, अगदी मनापासून मानते.

आता खरं लिहिते. इकडचं तिकडचं सांगत बसले, कारण भीती वाटते. पलीकडच्या गल्लीतले मधुसूदन मास्तर तुला ठाऊक आहेत, बायको वारल्यापासून स्वतः डबा घेऊन दळायला येणारे. त्यांनी मला पाट लावायचं विचारलं अन् मी हो म्हटलं. आपल्यात पाट लावलेली विधवा पहिल्या नवऱ्याच्या घरात राहत नाही. काकाजींना कळलं की ते कुलूप घेऊनच येतील. म्हणून आधी तुला सांगते. सोड म्हणालीस तर गिरणीची किल्ली तुझ्याच हातात देईन, मनात काही न ठेवता. तू दिलंस ते कमी नाही. फक्त एक मागते. माहेरचं माझं कोणी उरलेलं नाही. पाटाच्या दिवशी माझी ओटी तू भर.

अजून तरी तुझीच वहिनी,
गोपिका