परवान्याशिवाय पेटवलेला पाचोळा

३ मार्च, सोमवार
परसातला पाचोळ्याचा ढीग कमरेपर्यंत आलाय. बायको म्हणते, कचऱ्याची गाडी बोलाव. मी म्हटलं, घरीच जाळू. अग्निशमनवाले फाटकात नियमांचा कागद अडकवून गेलेत: परवाना हवा, वारा नको, कुंपण पंधरा पावलं लांब, पाण्याचा पाइप हाताशी, पूर्ण विझेपर्यंत जागचं हलायचं नाही. असले नियम बेजबाबदार लोकांसाठी असतात.

५ मार्च, सकाळी ९
परवान्यासाठी फोन केला. एंगेज. म्हणजे तत्त्वतः अर्ज झाला. कुंपण बाराव्या पावलालाच लागलं. पावलं लहान टाकली, पंधरा भरली.

९.४०
पेटवला. झकास जळतोय. पाइप पोचत नाही, पण बादली आहे.

१०.३०
चष्मा आणायला आत गेलो, दोनच मिनिटं. तेवढ्यात वारा सुटला. जाळ वाळक्या गवतातून सरपटत कुंपणाला भिडला. पलीकडे शेजारच्या मास्तरीणबाई खुर्चीत बसलेल्या, गुडघ्यांमुळे एकट्यानं उठता येत नाही. बादली ओतली ती माझ्याच पायांवर. बाई म्हणाल्या, अरे, बघत काय उभा राहिलास, मला उठव आधी! कसंबसं त्यांना उठवून रस्त्यावर नेलं. तोवर बायकोनं ओली सतरंजी आपटून आपटून आग विझवली. कुंपणाच्या चार फळ्या कोळसा. कुणाला भाजलं नाही. एकूण परिस्थिती मी चांगली हाताळली.

६ मार्च
रात्री पाच वेळा उठलो. सहज. राखेतून धूर येतोय. वाफ असावी. बाईंना सुचवलं, कुणीतरी सिगारेटचं थोटूक टाकलं असं सांगू या. त्या म्हणाल्या, काडेपेटी तुझ्या हातात होती रे. बायको कालपासून कामापुरतंच बोलते.

७ मार्च, सकाळी ६
परसात जमीन चपलेतूनही गरम लागली. उन्हामुळे असेल. ऊन अजून पडलेलं नाही.

दुपार
अग्निशमनची लाल जीप बाईंच्या दारात! मी पाऊण तास बाथरूममध्ये होतो. पोट बिघडलंय. फाटक वाजलं की मी पुन्हा बाथरूममध्ये. उद्या स्वतः जाऊन मोठ्या मनानं कबुली देणार. भाषण पाठ केलंय.

८ मार्च, शनिवार
गेलो. अग्निशमन केंद्रात भाषणाचं पहिलं वाक्यसुद्धा आठवलं नाही. अधिकारी, पोरगेलासाच, म्हणाला, तुमच्या मिसेस बुधवारीच येऊन सगळं सांगून गेल्या. काल जबाबावर तुमच्या सहीसाठी आलो होतो, त्या म्हणाल्या बाथरूममध्ये आहेत. मी सही केली. मग काय झालं कोण जाणे, एकदम म्हणालो, साहेब, जमीन अजून गरम आहे हो, मला फार भीती वाटतेय.

तो हसला नाही. लगेच जीप काढली. आमच्या परसात येऊन फावडं घातलं, तर वीतभर खाली निखारे लालबुंद. एक मूळ आतल्या आत धुमसत बाईंच्या भिंतीपर्यंत गेलेलं. तीन दिवस. तो म्हणाला, काल बोलायला हवं होतं. आज वारा असता तर? भिंतीपलीकडे त्यांची झोपायची खोली आहे.

मी तिथंच मातीत मटकन बसलो.

अधिकारी म्हणाला, काका, जरा बाजूला सरका, पाणी मारायचंय.