दोरीखालची काठी

मंगळवार, दोहा, २००३

धाकट्या लताला मुलगी झाली! मी आजी झाले, जीव नुसता नाचतोय. नाक माझ्यावर गेलंय म्हणे, बिचारी. कुंची शिवून तयार आहे. पण पुढच्या शुक्रवारी बारशाला नाशिकला पोचणार कशी? मला एकटीला विमानात बसवत नाही, आणि थोरली मीना इथं नोकरीला, तिला देशाबाहेर जायचं तर साहेबाचा कागद लागतो, तो काही देईना.

कुठल्याशा बर्फाच्या डोंगरावर दोरीला टांगलेल्या खुर्च्यांतून माणसं वर न्यायची आहेत, त्याचं डिझाइन मीनाचं. साहेब म्हणतो, खर्च वाचव, मधला खांब काढून सही कर, मगच कागद.

कपडे वाळत घालताना मी म्हटलं, "अगं, ओली चादर टाकली की आपली दोरी खाली येते, म्हणून तर मी मधे काठी लावते. तिथं तर माणसं बसणार!"

"तेच सांगतेय गं आई त्यांना. पण सही नाही केली तर तुझं बारसं चुकेल."

चुकेलच. या चार भिंतींत बसून राहायचं, दुसरं काय? त्या काठीकडेच बघत राहिले.

"नको करूस सही," म्हटलं.

मीना हसली की रडली, कळलं नाही.

आता कुंची उसवून मोठी करायला घेतलीय. आम्ही जाऊ तोवर पोरगी वाढलेली असेल.