कॅमेऱ्यावरची चिकटपट्टी

३ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पुस्तकाच्या प्रती पोचल्याचं तुझ्या एका ओळीवरून कळलं. एका ओळीवर मी किती दिवस काढायचे? तू वाचनालय चालवतेस. कोण पुस्तक अर्धं टाकतो आणि कोण शेवटचं पान आधी वाचतो, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही. तेव्हा काउंटरवर लोक माझ्या कादंबरीबद्दल जे बोलतात ते जसंच्या तसं लिही. माझी समजूत काढायला गोड करून लिहू नकोस.

इथे ती कोणी वाचू शकत नाही, कारण आपली भाषा कोणाला येत नाही. ऑफिसात मला ओळखतात ते कंपनीचे कॉम्प्युटर चोरांपासून राखणारा म्हणून, आणि राखणदाराशी गप्पा मारायला कोणी थांबत नाही. दिवसभर पडद्यासमोर, खोलीवर आलो की पुन्हा पडद्यासमोर. हॅकरची गोष्ट सुचली यात नवल नाही, दुसरं काही आजूबाजूला नव्हतंच.

अप्पांनी वाचली का? काय म्हणाले? फोनवर त्यांना ऐकू येत नाही आणि पत्रात ते फक्त तब्येत लिहितात. मागे एकदा व्हिडिओ कॉल केला, तर आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. काय बोलावं सुचेना, शेवटी त्यांनी लॅपटॉप मिटून टाकला. म्हणून तुलाच विचारतो.

पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला तुझा,
धाकटा

१९ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पुस्तकाने इथे नुसता उच्छाद मांडलाय. कॅशियरकाकांनी ते वाचून रोज पासवर्ड बदलायला सुरुवात केली आणि शेवटचा कुठला ठेवला तेच विसरले. आता स्वतःच्याच कॉम्प्युटरबाहेर बसलेत. तुझा नायक त्यांच्याकडे एकदा येऊन जाईल का, असं विचारत होते. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, एवढी कॉफी पिणाऱ्या माणसाचा एकही दात दुखत नाही हे काही पटलं नाही. शिंपीणबाईंनी मशीनवर पुस्तक उघडं ठेवून कापड शिवलं, त्यात एका गिऱ्हाइकाच्या दोन्ही बाह्या डाव्या झाल्या. ही दाद समज.

सगळ्यात जास्त चर्चा मात्र पाचव्या प्रकरणाची. तुझा हॅकर दूरवरून घरच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात शिरतो, कॅमेऱ्याचा दिवासुद्धा लागू देत नाही आणि म्हाताऱ्या वडिलांना नुसता बघत राहतो, ते. गोष्ट तिथे अडते, असं बहुतेकांचं म्हणणं. कॅशियरकाकांनी तर ती पानं उलटून टाकली. पण घाबरले सगळेच. ज्याच्या त्याच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर आता चिकटपट्टी आहे, बोट कापलं की लावतो ती. औषधवाल्याचा माल संपला. तुमच्या भावाला म्हणावं दुसरा भाग लवकर लिहा, असा त्याचा निरोप आहे.

आता अप्पांचं. रविवारी नेहमीसारखी जेवण घेऊन गेले. खाली त्यांचं चष्म्याचं दुकान बंद आणि वर ते एकटे, हे तुला माहीत आहेच. बघते तर टेबल खिडकीपाशी उजेडात ओढलेलं, त्यावर तू ठेवून गेलेला लॅपटॉप उघडा, आणि भिंगं पुसायच्या त्या मऊ कातड्याने अप्पा त्याचा कॅमेरा पुसताहेत. दाढी केलेली, अंगात करडा शर्ट, तोही इस्त्रीचा. आई गेल्यापासून घरात मी त्यांना असं पाहिलेलं नाही. कुठे निघालात म्हणून विचारायला पुढे झाले, तर मला हाताने बाजूला सारून म्हणाले की मधे उभी राहू नकोस, त्याला दिसणार नाही.

मला आधी उमजेना, मग हळूहळू त्यांच्याकडूनच काढून घेतलं. रोज संध्याकाळी चहा घेऊन ते तुझ्यासमोर बसतात. बोलावं लागत नाही, ऐकावं लागत नाही, म्हणून खुशीत असतात. तू लिहिलंस म्हणजे तू बघतोसच, असं त्यांनी धरून चाललंय. अख्ख्या गावाने कॅमेरे झाकले आणि आपल्या अप्पांनी पुसून ठेवला. त्यांना खरं सांगू का? माझी जीभ रेटत नाही.

तुझ्या उत्तरावर सगळं अडलंय, एवढं ध्यानात ठेवणारी,
ताई

२ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. ते प्रकरण प्रकाशकांनीही काढायला सांगितलं होतं. मीच हटून बसलो. मी असं कधी केलेलं नाही, ताई. येतं मला ते, पण करायची भीती वाटली. समजा बघितलं, आणि अप्पा अंधारात दिवा न लावता बसलेले दिसले, तर पुढे मी काय करणार होतो? म्हणून कादंबरीत बघून घेतलं.

त्यांना सांगू नकोस. सोबत त्यांच्यासाठी चिठ्ठी आहे, त्यात करडा शर्ट तुम्हाला शोभतो, एवढंच लिहिलंय. तू मला अधूनमधून कळवत जा, काय घातलं होतं, टेबलावर काय होतं. म्हणजे मी तसं लिहीन. खोटं आहे हे मलाही कळतं. पण कोणाच्या वाट्याला इतका आनंद येत असेल तर तो आपण का हिसकावा?

तुझ्या होकाराच्या भरवशावर असलेला,
धाकटा

१७ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

या पत्रात थट्टा नाही. अप्पा न्हाणीघरात घसरले, घोटा मोडला. प्लास्टर घातलंय, जिवावरचं काही नाही, हे आधीच सांगते.

पण पडले ते संध्याकाळी, आणि मला कळलं सकाळी दूध द्यायला गेले तेव्हा. कसेबसे सरकत खुर्चीपर्यंत पोचले आणि समोर स्टूल ठेवून त्यावर सुजलेला पाय कॅमेऱ्यासमोर धरून रात्रभर बसले. फोन टेबलावरच होता. ऐकू येत नसलं तरी नंबर लावून नुसतं ये म्हणाले असते तरी मी धावत गेले असते. का नाही केलात म्हणून मी ओरडले, तर म्हणाले की त्याला दिसतंय, तो तुला कळवेल. आणि सकाळ झाली तरी तुझा निरोप कसा नाही, हे माझ्या तोंडून गेलं, तर तुझीच बाजू घेतली. कामात असेल, रागावू नकोस त्याच्यावर, म्हणाले.

तुझी चिठ्ठी त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली होती. ती मी माझ्या हातांनी नेऊन दिली, तेव्हा दोष माझाही आहे. पण आता कपड्यांची बातमी मी देणार नाही. लिहायचं ते तूच लिही, आणि खरं लिही.

रागावलेली तरी तुझीच,
ताई

२६ सप्टेंबर

तीर्थस्वरूप अप्पांच्या चरणी,
साष्टांग नमस्कार.

पाय कसा आहे हे विचारायलाही मला तोंड नाही. मी तुम्हाला बघत नव्हतो, अप्पा. एकाही संध्याकाळी नाही. पाचवं प्रकरण ही नुसती गोष्ट आहे, आणि शर्टाचं मला ताईने कळवलं होतं. तुम्ही पाय धरून बसलात त्या रात्री मी इथे खोलीत होतो, जागा होतो, आणि वाचकांनी काय लिहिलंय ते इंटरनेटवर शोधत होतो.

निघून यावंसं वाटतं. रजेचा अर्ज लिहायला घेतला, पण कारण काय लिहू, तिथेच अडलो. वडिलांचा पाय मोडला म्हणून लिहू, तर तो मोडका पाय कोणामुळे रात्रभर तसाच राहिला ते आठवतं. कोणत्या तोंडाने येऊ?

एक मागणं आहे. हे पत्र मिळाल्यावर येईल त्या रविवारी ताई येऊन लॅपटॉपवरचं एक बटण दाबेल. मग खरंच मी तुम्हाला दिसेन आणि तुम्ही मला. बोलायचं नाही. तुम्ही चहा घ्या, मी माझं जेवण घेऊन बसेन. नको असेल तर लॅपटॉप मिटून टाका, मला वाईट वाटणार नाही. खरं तर वाटेल.

क्षमेला पात्र नसलेला, तरी ती मागणारा,
धाकटा

११ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाय प्लास्टरमध्ये आहे, ठणका थांबला. तब्येतीचं संपलं.

तुझं पत्र वाचून राग आला नाही. वाईट मात्र फार वाटलं. इतके दिवस मी दाढी करून, शर्ट बदलून ज्याच्यासमोर बसलो, तो तिथे नव्हताच. पत्र आलं त्या संध्याकाळी दाढी केली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आणि चिठ्ठीचं म्हणशील तर तुम्हा दोघांचं लहानपणापासून संगनमत आहे, ते मला आधीच ओळखायला हवं होतं.

पुस्तकाबद्दल मी काय म्हणालो म्हणून ताईला विचारलं होतंस. हॅकरच्या करामती मला समजल्या नाहीत, त्या मी सोडून दिल्या. पाचवं प्रकरण पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात एक चूक आहे. तुझ्या गोष्टीतला बाप शेवटपर्यंत मान वर करत नाही. मुलगा इतका वेळ बघतोय आणि बापाच्या मनात येऊ नये, हे मला खरं वाटलं नाही. त्याने एकदा तरी वर बघायला हवं होतं. त्याने बघितलं नाही, म्हणून मी बघत बसलो.

रविवारी ताईने बटण दाबलं आणि तू दिसलास. तू जेवलास, मी चहा घेतला, कोणी काही बोललं नाही. मला बरं वाटलं, हे सांगतो. तुझ्या खोलीत दुसरी खुर्ची आहे आणि तिच्यावर कपड्यांचा ढीग, म्हणजे येऊन बसणारं कोणी नसावं. माझ्याकडच्या दुसऱ्या खुर्चीवर वर्तमानपत्रं असतात. मग तू गेलास आणि काळ्या पडद्यात माझंच तोंड राहिलं. ते मला आवडलं नाही.

आणखी एक दिसलं. तुझ्या चष्म्याची डावी काडी चिकटपट्टीने बांधलेली आहे. गावाने ती कॅमेऱ्याला लावली आणि चष्मेवाल्याच्या मुलाने चष्म्याला. चष्मा डावीकडे उतरलाय, त्यामुळे तू मान वाकडी करून जेवतोस. हे कधीपासून चाललंय? पडद्यातून ते मला दिसतं, पण सरळ करता येत नाही. काडी वाकवायची तर बोटांखाली तुझे दोन्ही कान असावे लागतात.

खालच्या दुकानाचं शटर ताईकडून उघडून घेतलंय. हत्यारं पुसून ठेवली. रजेच्या अर्जात कारण काय लिहू म्हणून विचारलंस. चष्मा दुरुस्ती, असं लिही.

मान वर करून तुझी वाट बघणारा,
अप्पा