चार वाजताची चिठ्ठी

३ तारीख, सोमवार

आले बाई एकदाची! खालच्या मजल्यावर नोकरी, वरच्या मजल्यावर खोली, खिडकीत सकाळचं ऊन. या वयात टायपिस्टबाईला असं कोण विचारतं? संस्थेत आनंदाचा अभ्यास चालतो. माणूस सुखी कशाने होतो, ताणाने शरीर कसं पोखरतं, वगैरे. लोक आपली दुखणी यंत्रात बोलून जातात, ती ऐकून मी टाइप करायची. दुसऱ्याची रडगाणी ऐकायची मला सवय आहेच, सासूबाईंनी वीस वर्षं तालीम करून घेतली.

ही वही लेकीने दिली. तू बोलतेस फार, आता थोडं लिही, म्हणाली. पहिल्या पानावर तिनेच लिहून ठेवलंय: ‘फोन आला की हातातलं टाकून निघायचं.’ चिमणीला आठवा सरत आलाय आणि रक्तदाब काही उतरत नाही. जावई गुणी आहे, पण आई ती आई. कळा सुरू झाल्या की मी उशाशी असेन, असा शब्द दिलाय. सकाळी आठची बस, चार तासांचा रस्ता. फोनला हाच नंबर दिलाय, जिन्याजवळचा.

४ तारीख, मंगळवार

इथल्या प्रमुख एक डॉक्टरीणबाई आहेत. आवाज असा मऊ की भांडायला गेलं तरी भांडण विसरावं. त्यांनी माझ्या मनगटावर पट्टा बांधला. मन शांत असलं की हिरवा दिवा, घोर लागला की लाल. माझा आल्याआल्याच लाल! सतत ताण म्हणजे घरात दिवसभर वाजणारा भोंगा, म्हणाल्या. आधी झोप जाते, मग पोट, मग हृदय.

चार वाजता घंटा होते. प्रत्येकाने आपली काळजी चिठ्ठीवर लिहून कोपऱ्यातल्या लोखंडी पेटीत टाकायची. आत घरघर होते आणि खालच्या बादलीत कागदाचा लगदा पडतो. कारकूनकाकांनी मला बाजूला घेऊन नियम सांगितला: काळजी लिहा, माणूस लिहू नका. हसू आवरलं नाही मला. त्यांच्या टेबलावर एका बाईंचा फोटो आहे. वहिनी का, असं विचारलं, तर म्हणाले, टेबलाबरोबर आलाय. लाजतात वाटतं म्हातारपणी.

७ तारीख, शुक्रवार

गंमतच आहे. काल ‘गुडघेदुखी’ लिहून टाकली. आज जिना धडाधड चढले! सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा. परवा ‘धाकट्या जावेचं बोलणं’ लिहिलं होतं, ती नेमकं काय बोलली होती ते आता आठवतच नाही. जाऊ दे, बरंच झालं.

१० तारीख, सोमवार

टेबलाच्या कडेला गुडघा आपटला. मला कळलंच नाही. साडीवर रक्त दिसलं तेव्हा कारकूनकाका म्हणाले, अहो, हे काय! दुखत मात्र नाही जराही. डॉक्टरीणबाईंनी पट्टी बांधली आणि रक्तदाब पाहून शाबासकी दिली.

१३ तारीख, गुरुवार

चिमणीचा फोन आला होता. पाय सुजलेत, डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. आई, तू येशील ना, असं तीनदा विचारलं. अगं वेडे, येणार नाही तर जाईन कुठे? तिला हसवलं आणि फोन ठेवून जिन्यावरच बसले. उद्या सकाळी निघतेच, मग कुणी काही म्हणो.

पट्टा लाल झाला, तो काही केल्या उतरेना. चारची घंटा झाली. डॉक्टरीणबाई शेजारी येऊन बसल्या. या जिवाने जाऊन लेकीला काय धीर देणार, म्हणाल्या, आधी थोड्या शांत व्हा. खरंच वाटलं. लिहायला बसले तर शब्द सुचेना. नुसतं ‘चिमणी’ लिहिलं आणि टाकून आले.

१४ तारीख, शुक्रवार

काय झोप लागली! आठची बस सुटताना खिडकीतून पाहिली. दिवसभर पट्टा हिरवा.

१७ तारीख, सोमवार

जिन्याजवळचा फोन मला होता. कुणी तरुण मुलगा, मला आई म्हणत होता. तिला दवाखान्यात ठेवलंय, लवकर या, म्हणाला. नंबर चुकलाय, बाबा, असं सांगितलं. मुलगा मात्र संस्कारी वाटला.

१९ तारीख, बुधवार

पुन्हा तोच. या वेळी रडत होता. सारखी आई आई करतेय, म्हणाला. मी ऐकून घेतलं. चहा निवत होता, म्हणून फोन ठेवून दिला. बोर्डावर माझं नाव लावलंय, सलग पाच दिवस हिरवा.

२१ तारीख, शुक्रवार

आज सहज मागची पानं चाळली.

अक्षर माझं आहे. तीन तारीख. तेरा तारीख. म्हणजे मला मुलगी आहे. चिमणी म्हणतात तिला. मी म्हणते. चेहरा आठवायला बसले — कपाळ, वेणी, काहीतरी — नाही. दाराआड उभ्या असलेल्या परक्या बाईसारखी ती, आणि मी तिची आई.

कारकूनकाकांकडे धावले. माझी चिठ्ठी द्या म्हटलं. त्यांनी बादली दाखवली. माणूस लिहू नका, हा नियम कुणी केला, असं विचारलं. मीच केला होता, म्हणाले. का केला ते विचारलं, तर फोटोकडे बघत राहिले. आठवत नाही, म्हणाले.

तेव्हा छातीत धस्स झालं. पट्टा लाल! लाल झाला बाई! आठ दिवसांत पहिल्यांदा भीती वाटतेय आणि देव पावल्यासारखं वाटतंय. ही भीतीच तेवढी तिची उरलीय माझ्याकडे. हिला धरून जाईन. बॅग भरून दाराशी ठेवलीय. उद्या आठची बस.

पावणेचार झालेत. आज चिठ्ठी लिहिणार नाही. मेले तरी —

२२ तारीख, शनिवार

लिहिली. ‘भीती’ एवढंच.

डॉक्टरीणबाई शेजारी बसल्या होत्या. छातीत फार दुखत होतं. एवढं कसं कुणी सोसावं?

आता बरं आहे.

२४ तारीख, सोमवार

हिरवा. दाराशी कुणाची तरी बॅग आहे. अडखळते येता-जाता. बाजूला सरकवली.

२५ तारीख, मंगळवार

सकाळपासून फोन वाजतोय. थांबतो, पुन्हा वाजतो.

वहीच्या पहिल्या पानावर कुणीतरी लिहिलंय, फोन आला की हातातलं टाकून निघायचं. गोड अक्षर आहे. कुणाच्या आईसाठी लिहिलं असेल —

पुन्हा वाजला. कुणी उचलत का नाही? तिकडे कुणीतरी वाट बघत असेल. त्या आईला तरी हाक मारा कुणी, सांगा तिला, तुझी लेक