दाजींचा रिमोट

केडगाव,
शुक्रवार, ३ ऑक्टोबर २०२५

चि. कल्याण यास,
अ. उ. आ.

काल, गुरुवार दि. २ ऑक्टोबर रोजी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, तू व्हॅनला बसवलेल्या लिफ्टने तुझ्या दाजींना चाकाच्या खुर्चीसकट जमिनीपासून अडीच फुटांवर नेले आणि तिथेच सोडले. ना वर, ना खाली. आम्ही दसऱ्याचे सोने द्यायला निघालो होतो. हे नवा सदरा घालून पन्नास मिनिटे टांगलेले, आणि सारी गल्ली सोने घेऊन तिथेच भेटायला आली. शेवटी शेजारच्या सत्तारभाईंनी आणि त्यांच्या दोन जावयांनी खुर्ची उचलून खाली घेतली.

फोन का केला नाही, असे विचारशील. टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षे मी लोकांच्या तक्रारी लिहून घेतल्या. तोंडी तक्रारीचे काय होते ते मला माहीत आहे. फोनवर तू हो ताई, हो ताई म्हणतोस आणि विसरतोस. आधी तारीख, मग वेळ, मग गुन्हा, असे कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हाला शिकवायच्या. तुझ्या शाळेत काय शिकवत, देव जाणे.

रिमोट सोबतच्या डब्यात आहे. ऑगस्टमध्ये तू त्याची वायर बदललीस, तेव्हाच काहीतरी बिघडवून ठेवलेस याबद्दल मला शंका नाही. २३ तारखेला भाऊबीज. ह्यांना पक्षाघात झाल्यापासून दोन वर्षे कर्जतच्या रतनआक्कांनी भावाला फोनवरच ओवाळले. आता आक्का चौऱ्याऐंशीच्या, नजर रोज थोडी थोडी जाते आहे. यंदा भावाचे तोंड बघूनच ओवाळीन, असे त्यांनी बजावले आहे. गाडी मी चालवीन, पण ह्यांना उचलून सीटवर बसवणे माझ्याच्याने होत नाही. लिफ्ट चालली तरच कर्जत.

मुलांना आशीर्वाद. तुला नंतर.

तुझी,
ताई

---

राहुरी,
८ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आणि डबा दोन्ही पोचले. दाजींचे वाचून वाईट वाटले, आणि खोटे कशाला सांगू, सोने द्यायला लागलेली रांग डोळ्यांपुढे येऊन हसूही आले. पंपाच्या बाजूला एक पिवळी चावी आहे. ती सैल केली की लिफ्ट आपसूक खाली येते. बसवली त्या दिवशी मी दाखवत होतो, तेव्हा तू म्हणालीस की तुला मेकॅनिक व्हायचे नाही.

रिमोट उघडला. आत हळद, कुंकू, चार अक्षता आणि झेंडूची एक पाकळी निघाली. पाणी जाऊन बटणांखालची पट्टी हिरवी पडली आहे. खंडेनवमीला आमच्या वर्कशॉपातही पान्ह्यांपासून वेल्डिंग मशीनपर्यंत सगळ्यांची पूजा होते, पण विजेच्या वस्तूला पाणी आम्ही लांबूनच दाखवतो. कॉन्व्हेंटात वेगळी पद्धत होती का?

पट्टी दुरुस्त होणार नाही. ज्यांच्याकडून लिफ्ट आणली ते म्हणतात, नवा रिमोट यायला सहा आठवडे. तोवर भाऊबीज थांबायची नाही; काहीतरी जमवतो.

रागावर लोभ भारी ठेवावा.

तुझा,
कल्याण

---

केडगाव,
१२ ऑक्टोबर

चि. कल्याण यास,
अ. उ. आ.

तुझे पत्र मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवले, तुझा आगाऊपणा त्यांनाही कळावा म्हणून. हळदीपर्यंत आले आणि हे म्हणाले की थांब, ती पूजा माझी.

तुला ठाऊक आहे, पस्तीस वर्षे हे जमिनीच्या मोजणी खात्यात होते. दर खंडेनवमीला मोजणीची साखळी आणि दुर्बीण पाटावर मांडत. यंदा मी आंघोळीला गेले असताना ह्यांनी रिमोट मांडीवर घेतला, डाव्या हाताने ओल्या फडक्याने पुसला, पाणी शिंपडले, हळदकुंकू वाहिले. म्हणाले, आता माझे हत्यार एवढेच उरले आहे.

तुला लिहिले नव्हते ते आता लिहिते. दसऱ्याला ह्यांना घरात आणल्यावर मी म्हणाले, की ज्याने त्या रिमोटला हात लावला त्याचा हात झडो. बोलले तुला. पण समोर हे बसले होते, उजवा हात मांडीवर, दोन वर्षे निर्जीव. पुढचे दहा दिवस मी तुझ्या नावाने बोटे मोडली आणि ह्यांनी ते सगळे ऐकून घेतले.

आता कर्जतला यायचे नाही म्हणतात. तब्येत बरी नाही, असे आक्कांना फोनवर सांगूनही टाकले. मी समजूत घातली, की नवा रिमोट आला की मी माझ्याकडे ठेवीन, बटणे मीच दाबीन, तुम्हाला काळजी नको. तर भिंतीकडे तोंड करून बसले. यात मी वाईट काय बोलले?

ताई

---

राहुरी,
१६ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लहान तोंडी मोठा घास घेतो. माणसाचे हत्यार काढून घ्यायचे आणि वर काळजी नको म्हणायचे, याला समजूत घालणे म्हणत नाहीत.

वर्कशॉपात इंजिन उचलायच्या पुलीला बटणांचा डबा असतो, तो मी तुमच्या लिफ्टला जोडतो आहे. बटणे मोठी, वरून रबर, डाव्या अंगठ्याने सहज दाबली जातात. वायर इतकी लांब ठेवली आहे, की डबा दाजींच्या मांडीवर राहील. सोमवारी, २० तारखेला सकाळी येतो. अट एकच, बटण दाजी दाबतील. तू दाबणार असशील तर डबा परत राहुरीला येईल.

दाजींना सांग, की लिफ्ट माणसाचे वजन देऊन पारखायची आहे आणि माझ्याबरोबर दुसरे कोणी नाही. ते बसले तरच माझे काम होईल.

त्या शब्दाचे मात्र मला काही दुरुस्त करता येणार नाही. ते तुझे तू बघ.

तुझा,
कल्याण

---

स्वयंपाकघर, केडगाव,
शुक्रवार, २४ ऑक्टोबर

श्री. राधाकृष्ण यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

बाहेरच्या खोलीत बसलेल्या माणसाला पत्र लिहिते आहे, याचे हसू येईल तर येऊ द्या.

सोमवारी कल्याणने लिफ्ट पारखायला तुम्हाला बसवले तेव्हा तुम्ही अकरा वेळा वर-खाली केलेत. तीन वेळा पुरले असते. मी खिडकीतून मोजत होते. त्यानंतर तुम्ही कर्जतला यायला हो म्हणालात, ते मला नाही, कल्याणला.

काल आक्कांच्या अंगणात तुम्ही आपल्या हाताने उतरलात. तुम्ही पुरते खाली यायच्या आतच आक्का तबक घेऊन आल्या आणि तुम्हाला म्हणाल्या, की उतरायची लई घाई न्हाई, हाय तिथंच थांब, उजेडात तोंड दिसतंय. पुढचे तुम्हाला माहीत नाही. नंतर चुलीपाशी त्यांनी मला विचारले, की माझा भाऊ लई गप हाय, तुझ्या जिभेनं काय केलंय का. मी नाही म्हणाले. भाऊबीजेच्या दिवशी, चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईशी खोटे बोलले.

दसऱ्याला जे बोलले ते कल्याणला बोलले, तुम्हाला नाही, असे मी तीन आठवडे स्वतःला सांगते आहे. ते खरे आहे आणि ते पुरेसे नाही. तो शब्द कुणालाच बोलायचा नव्हता. मी तो परत घेते आणि तुमची क्षमा मागते. तोंडाने सांगायला गेले की चहा निवतोय किंवा शाल घ्या असे काहीतरी निघते, म्हणून हा कागद.

लोभ आटला असेल तर तसे लिहावे. नसेल तर होता तसाच राहू द्यावा.

उत्तर लेखी हवे. मान हलवलेली धरली जाणार नाही. डाव्या हाताचे अक्षर वेडेवाकडे आले तरी मी हसणार नाही; नुसती सही केलीत तरी चालेल, पण कोरा कागद घेणार नाही. मुदत रविवार, २६ ऑक्टोबर, सायंकाळी पाच वाजेपर्यंत.

तुमची,
पंकजा